तुर्कस्तानातील दग्याची गाणी

प्रजेने कोणते दुःख गावे आणि कोणते गाऊ नये, हे राज्यकर्त्यांना ठरविता येते काय? तुर्कस्तानच्या विसाव्या शतकाच्या इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला आम्हांस दिसतो.

केमाल पाशांच्या राजवटीने पोशाख बदलला, लिपी बदलली आणि १९३४ साली जुने उस्मानी संगीत नभोवाणीवरून बंद केले. ही बंदी १९३६ मध्ये उठली. परंतु दरम्यान पुष्कळांचे कान कैरोकडे वळले होते. १९३८ साली अब्दुल वहाब यांचा 'प्रेमाश्रू' हा इजिप्तचा बोलपट इस्तंबूलला लागला, तेव्हा लोटलेल्या गर्दीत थिएटरच्या काचा फुटल्या. मग बोलपटांतील अरबी गाण्यांवर बंदी आली.

खेड्यातील गाण्याला मात्र सरकारने मान दिला. शिवास प्रांतातील शाहीर आशिक वेसेल (१८९४–१९७३) यांची दृष्टी बालपणी देवीच्या आजाराने गेली. पुढे पहिली पत्नी त्यांना सोडून दुसऱ्याबरोबर निघून गेली. 'काळी माती' या त्यांच्या प्रसिद्ध गीतात सारी माणसे पारखून झाल्यावर इमानी ठरते ती एकटी जमीन. १९३१ च्या शाहिरांच्या मेळाव्यात त्यांचा गौरव झाला, आणि त्यांचे दुःख राष्ट्राचा ठेवा ठरले.

परंतु १९५० नंतर वेसेलच्या मुलखातील माणसे जमीन सोडून शहरांकडे निघाली. शहराच्या कडेला त्यांनी 'गेजेकोंदु', म्हणजे रातोरात उभारलेली घरे, बांधली. त्यांचे दुःख १९६८ पासून ओर्हान गेंजेबाय यांच्या गाण्यांनी बोलके केले. त्यांत खेड्यातील साझ होते, आणि त्याच्या जोडीला अरबी थाटाचा व्हायोलिनांचा ताफाही. दगा प्रेयसीचा, पण फिर्याद दैवावर आणि दुनियेवर. 'ही दुनिया बुडो' हे १९७५ च्या गीताचे नावच पुरेसे बोलके आहे. आमच्या परिचयाचे 'दुनिया' आणि 'दर्द' हे शब्द तेथे 'द्युन्या' आणि 'देर्त' होऊन येतात.

सुशिक्षितांनी या संगीताला हेटाळणीने 'अराबेस्क' म्हटले. सरकारी नभोवाणीने त्याला दार बंद केले. ते भाड्याच्या गाड्यांतून आणि कॅसेटांतून गावोगाव गेले. दग्याचे दुःख खेड्यात राहिले तर लोककला आणि तेच शहराच्या वेशीवर आले तर बाजारू, हा न्याय आम्हांस तरी समजत नाही.

१९८९ साली तर सरकारने 'वेदनारहित अराबेस्क' घडवून पाहिले. हाक्की बुलुत यांच्याकडून तसे गीतही झाले. पण ते लोकांत रुजले नाही. उलट, ज्यांना नभोवाणीचे दार बंद होते त्याच गेंजेबाय यांना १९९८ साली 'राज्य कलावंत' ही पदवी मिळाली.

दरम्यान तीस वर्षे लोटली होती. हुकूम काढणाऱ्यांनी गाण्याची चाल तपासली. ते गाणाऱ्याला गाव का सोडावे लागले, याची चौकशी मात्र त्यांच्या हातून राहून गेली.