अंगात रक्त कमी? लोहाची गोळी डब्यात नको, पोटात जाऊ द्या

दोन हंडे आणले तरी धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, नखं पांढुरकी दिसतात. घरात याला 'कामाचा थकवा' म्हणून सोडून देतात. पण हा रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिला आणि ५ वर्षांखालची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयाची आढळली. अशा बाईला बाळंतपणात जास्त रक्त गेलं, तर जीवावर बेततं.

हिमोग्लोबिन किती हवं?
गरोदर बाई आणि ५ वर्षांखालचं मूल यांना किमान ११, इतर महिलांना १२. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं तर नुसत्या गोळीवर भागत नाही, दवाखाना गाठावाच लागतो.

कोणाला किती?
आशाताई, अंगणवाडी, शाळा आणि उपकेंद्रात हे मोफत मिळतं.
• गरोदर बाई : चौथ्या महिन्यापासून रोज १ लाल गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.
• ६ महिने ते ५ वर्षे : आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप.
• ५ ते ९ वर्षे : आठवड्याला १ गुलाबी गोळी.
• १० ते १९ वर्षे : आठवड्याला १ निळी गोळी.

घ्यायची कशी?
गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, चहामुळं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगलं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचास काळं होतं, त्याला घाबरू नये. गोळीनं बाळ काळं होतं, हा समज चुकीचा आहे.

ताटात काय?
शेवग्याचा पाला, मेथी, मोडाची मटकी, हरभरा, बाळंतिणीला अळीव. खाणाऱ्यांनी मटण, काळीज, मासे. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू हवाच.

हेही लक्षात ठेवा
पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळी मुलांना चुकवू नये. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच लोह घ्यावं.

गरोदर बाईनं प्रत्येक तपासणीला हिमोग्लोबिनचा आकडा माता-बाल कार्डावर लिहून घ्यावा. गोळी चालू असून आकडा वाढत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं.