'गो' या क्रियापदाची वाटचाल



ज्यांचे आयुष्य कारखान्याच्या फाटकाशी गेले त्यांनी इंग्रजी क्रियापदावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण कामगाराच्या वाट्याला इंग्रजी येते ते नाटककाव्यांतून येत नाही. ते नोटिशीतून, आरोपपत्रातून आणि करारनाम्यातून येते. त्या इंग्रजीतले मोठमोठे शब्द फारसे अडवीत नाहीत. ते कोशात सापडतात. अडवतात ते 'गो', 'कम', 'टर्न' असले चिमुकले शब्द. त्यांपैकी 'गो' या एकाच शब्दाचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत.

'गो' म्हणजे जाणे, हे शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण 'गो ऑन' म्हणजे चालू ठेवणे. 'गो ऑफ' म्हणजे बार उडणे किंवा अन्न नासणे. 'गो ओव्हर' म्हणजे पुन्हा तपासून पाहणे. 'गो विदाउट' म्हणजे एखाद्या वस्तूवाचून दिवस काढणे. 'गो बॅक' करणारा कामगार कामावर परततो. त्याच्यामागे एक 'ऑन' चिकटला की तोच कामगार शब्द मोडणारा ठरतो! एवढ्याशा अव्ययात माणसाची अब्रू अडकलेली असते.

हा पसारा झाला कसा? जुन्या इंग्रजीत असले अव्यय पुष्कळदा क्रियापदाच्या आधी लागे. बाहेर जाणे याला 'ऊटगान' असे एकच जोडक्रियापद होते. आपल्या 'निर्गमन', 'आगमन' या शब्दांत उपसर्ग आधी येतो, तशातलाच हा प्रकार. पुढील काही शतकांत ते अव्यय क्रियापदाच्या मागे जाऊन बसले आणि 'गो आउट' अशी जोडी झाली. खुद्द 'गो'चे भूतकाळी रूपही त्याचे स्वतःचे नाही. 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. सुमारे १५०० सालापर्यंत 'गो'ने ते कायमचे आपलेसे केले. यावर मराठी माणसाने हसू नये. आपले 'जाणे' संस्कृत 'याति'च्या वंशातले आणि 'गेला' हे 'गत'च्या वंशातले. फ्रेंच भाषेत तर जाण्याची रूपे तीन निराळ्या घराण्यांतून गोळा झाली आहेत. जो शब्द सर्वांच्या तोंडी रात्रंदिवस असतो, त्याला अशी ठिगळे लागायचीच.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबार, न्यायालय आणि बडे जमीनदार यांची भाषा फ्रेंच झाली. त्यामुळे पुढे एकाच क्रियेला दोन शब्द मिळाले. साधा माणूस 'गो इन' म्हणे, तर फ्रेंचमधून आलेला शब्द 'एन्टर'. इकडे 'गो डाउन', तर तिकडे 'डिसेन्ड'. इकडे 'गो ऑन', तर तिकडे 'कन्टिन्यू'. शब्दांतही मालक आणि मजूर असे दोन थर पडले. आजही सरकारी इंग्रजी वरच्या थरातून आणि घरगुती इंग्रजी खालच्या थरातून येते, त्याचे मूळ येथे आहे.

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश छापला. हा पुस्तकविक्याचा मुलगा. पैशाअभावी त्याला ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट टाकावे लागले होते. क्रियापद आणि अव्यय यांच्या जोड्या परकीयाला सर्वांत अधिक छळतात हे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवले आणि अशा असंख्य जोड्या कष्टाने टिपल्या. मौज अशी की, या प्रकाराला सर्वमान्य नावच नव्हते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकाने रूढ केले. ते सुचवले कोशकार हेन्री ब्रॅडलीने. म्हणजे जॉन्सननंतर १७० वर्षांनी पंडितांनी बारसे केले. मूल मात्र केव्हाच मोठे होऊन कामाला लागले होते!

ते वाढले कामकऱ्यांच्या अंगणात. 'गो बाय द बोर्ड' म्हणजे एखादी योजना कायमची बुडणे. हा प्रयोग खलाशांचा. वादळात डोलकाठी मोडून जहाजाच्या बाजूवरून समुद्रात जाई, त्यावरून तो आला. 'गो ऑफ अ‍ॅट हाफ कॉक' म्हणजे तयारीआधीच घाईने काही करून बसणे. हा बंदूकवाल्यांचा; घोडा अर्धाच ओढलेला असताना बार उडणे, हा त्याचा मूळ अर्थ. १८४२ साली लँकेशायरच्या गिरण्यांत मोठा संप झाला, तेव्हा संपवाल्यांना 'टर्न-आउट' म्हणत. बाहेर पडणे याच साध्या क्रियेतून संपाला नाव मिळाले.

आणि 'गो स्लो'? १८८९ साली ग्लासगोच्या गोदी कामगारांनी संप केला. मालकांनी शेतमजूर आणून गोदीत उतरवले. संप फसला. तेव्हा युनियनचे सचिव एडवर्ड मॅकह्यू यांनी कामगारांना सांगितले, की मालक त्या नवशिक्या मजुरांच्या कामाची वाखाणणी करीत होते. तेव्हा आपणही परत जाऊन हुबेहूब तसेच काम करावे! थोड्याच दिवसांत मालकांनी नाकारलेली वाढ दिली, अशी हकीकत चळवळीत सांगतात. स्कॉटलंडात या युक्तीला 'का कॅनी' म्हणत. त्याचा अर्थ जपून हाक. साध्या इंग्रजीत ती 'गो स्लो' झाली आणि त्याच नावाने आपल्या फाटकापर्यंत आली. १९६१ साली एका साखर कारखान्याच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाला चित्रमय म्हटले, पण त्यामागची कृती अत्यंत घातक ठरवली. १९७१ च्या महाराष्ट्रातील कायद्याने ती कामगार संघटनांच्या अनुचित प्रथांच्या यादीत घातली. दोन अक्षरांचे क्रियापद असे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले.

आता याची दुसरी बाजू. एका कारखान्यातील आमच्या एका सभासदाला गैरहजेरीनंतर इंग्रजी पत्र आले. त्यात 'लेट यू गो' असे शब्द होते. शेजारच्या मुलाने शब्दाला शब्द लावून सांगितले, "काका, तुम्हाला जाऊ द्यायचं ठरलंय." मराठीत आपण 'जाऊ द्या' केव्हा म्हणतो? चूक पोटात घालतो तेव्हा! तो गृहस्थ समाधानाने डबा घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेला, आणि पहारेकऱ्याने त्याला फाटकातच अडवले. इंग्रजीत त्याला क्षमा केलेली नव्हती, कामावरून काढलेले होते. त्या दिवसापासून कामगाराला जाणारे प्रत्येक पत्र मराठीतही असावे, ही मागणी आम्ही प्रत्येक करारात घालतो.

यावर काही व्यवस्थापक म्हणतात, की मराठीचा आग्रह ही भावनेची गोष्ट आहे. त्यांना आम्ही इंग्लंडचाच दाखला देतो. १३६२ साली तेथील पार्लमेंटने कायदा केला, की न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत. कारण असे दिले, की फ्रेंच भाषा लोकांना कळत नाही आणि आपल्या बाजूने किंवा विरुद्ध काय बोलले गेले हे पक्षकाराला समजत नाही. तो कायदा स्वतः मात्र फ्रेंचमध्येच लिहिला होता, ही गोष्ट निराळी! ज्यांनी साडेसहा शतकांपूर्वी आपल्या भाषेसाठी हे मागितले, त्यांचीच भाषा आपल्या कामगाराला न कळता त्याच्या पोटावर यावी, हे न्यायाचे नव्हे. इंग्रजी अवश्य शिकावे, 'गो'च्या सगळ्या वाटा ओळखाव्यात; पण ज्या कागदावर माणसाची भाकरी लिहिलेली असते, तो कागद त्याला स्वतःला वाचता आलाच पाहिजे.