उडणाऱ्या शाईचा वंश

आरे गाव मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की गणपतीपुळ्याचा रस्ता डोंगर चढू लागतो, आणि वरच्या वळणावर एका नजरेत दोन किनारे येतात. एका अंगाला आऱ्याचा, दुसऱ्या अंगाला वाऱ्याचा. गाड्या इथे थांबतातच. २०२४च्या नोव्हेंबरअखेरीस मीही थांबलो होतो. विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला होता. शहाळं सोलता सोलता विक्रेता म्हणाला, "मोबाइलवर आलंय बघा. धुळ्याकडे एका गावात काँग्रेसला शून्य मतं. अख्खं गाव सांगतंय आम्ही दिली म्हणून. मग आम्ही इथे दोन तास रांगेत उभं राहून काय केलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. त्याला द्यायला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. ते गाव नक्की कुठलं, शून्य कुणी पाहिलं, हे शोधायला घेतलं आणि धागा मागे मागे जात १९७१पर्यंत पोचला.

आधी ते गाव. धुळे ग्रामीण मतदारसंघातलं अवधान. संदेश सांगत होता की तिथे काँग्रेसचे कुणाल पाटील यांना एकही मत पडलं नाही. निवडणूक अधिकाऱ्यांनी केंद्रवार आकडे जाहीर केले: गावातल्या चार मतदान केंद्रांवर पाटलांना २२७, २३४, २५२ आणि ३४४ मतं होती. बेरीज १,०५७. ही संख्या नमुना २० या तक्त्यात असते. प्रत्येक मतदारसंघाचा हा तक्ता तयार होतो, कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं आणि तो कुणालाही पाहता येतो. शून्याचा संदेश लाखोंनी वाचला. तक्ता उघडणारे त्या मानाने मूठभर.

असं पहिल्यांदा घडत नव्हतं. आपल्याकडच्या मतचोरीच्या कथांना एक वंश आहे, आणि त्याचा मूळपुरुष शाई आहे.

१९५२ आणि १९५७च्या निवडणुकांत मतपत्रिकेवर खूण करायचीच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदार आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकी. ज्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं त्या देशासाठी ती शहाणी सोय होती. पण चिठ्ठी पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेता येई आणि विकता येई. १९६२पर्यंत बहुतेक ठिकाणी एकच मतपत्रिका आणि शिक्का आला. शिक्का आला तशी शाई आली, आणि मतदाराचं मत आता त्या ओल्या खुणेत वसू लागलं.

मार्च १९७१ची लोकसभा. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. चिन्ह गाय-वासरू. एवढं यश विरोधकांच्या हिशोबात कुठेच नव्हतं. दक्षिण दिल्लीत जनसंघाचे बलराज मधोक काँग्रेसच्या शशी भूषण यांच्याकडून हरले आणि त्यांनी निवडणूक याचिकेत एक विलक्षण आरोप केला: मतपत्रिकांवर आधीच रासायनिक प्रक्रिया केलेली होती. मतदाराने मारलेला शिक्का काही दिवसांत उडून जातो आणि छापखान्यातच अदृश्य शाईने गाय-वासरावर उमटवलेली खूण वर येते. ही शाई रशियाची, असं लोक सांगू लागले. शीतयुद्धाचा काळ होता. रशियन शास्त्रज्ञांना काहीही जमतं, हे मानायला लोक तयारच होते.

मधोक साधे गृहस्थ नव्हते, जनसंघाचे अध्यक्ष राहिलेले विद्वान प्राध्यापक होते. त्यांचा त्या शाईवर मनापासून विश्वास असावा, असं मला वाटतं. म्हणून त्यांना खोटारडे म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. आपण हरू शकतो हे ज्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं, त्याला पराभवापेक्षा रसायनशास्त्र जास्त खरं वाटतं. न्यायालयांनीही आरोप हसण्यावारी नेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मतदाराची गुप्तता राखून काही मतपत्रिका नमुना म्हणून तपासू द्याव्यात असं ठरलं, आणि तपासणीत ती शाई काही सापडली नाही. शशी भूषण ती लोकसभा संपेपर्यंत खासदार राहिले.

पण या आरोपाचं सगळ्यात चोख उत्तर न्यायालयाबाहेर, आपल्या कोकणात होतं. त्याच निवडणुकीत, त्याच सरकारने छापलेल्या मतपत्रिकांवर, राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे मधु दंडवते निवडून आले. महाराष्ट्रातल्या ४५ जागांपैकी ४२ काँग्रेसने जिंकल्या होत्या. राजापूरचे खासदार नाथ पै जानेवारीत गेले होते, मतदारसंघ शोकात होता, आणि त्या प्रचंड लाटेत राजापूर काँग्रेसच्या हाती लागलं नाही. शेजारच्या रत्नागिरीत काँग्रेसचे शामराव पेजे जिंकले. आता मतदारसंघाच्या सीमेच्या अलीकडे शाई उडते आणि पलीकडे टिकते, असं कुणी म्हणेल का? नागपुरात जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून आले, तिथेही ती उडाली नाही. आणि सहा वर्षांनी, १९७७ला, रायबरेलीत खुद्द इंदिराबाई हरल्या, रत्नागिरीत जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर जिंकले. जादूची शाई ज्यांच्या कपाटात होती असं म्हणत, तेच सरकार मतपत्रिकांनी पाडलं.

मागोवा घेताना मला जाणवलेली गोष्ट इथेच सांगून टाकतो. प्रत्येक पिढीची मतचोरीची कथा त्या पिढीतल्या सर्वांत न कळणाऱ्या वस्तूतून जन्म घेते. रसायन कळत नव्हतं तेव्हा शाई. पुढे रसायनाची भीती गेली आणि यंत्र आलं.

केरळात परूर मतदारसंघातल्या काही केंद्रांवर १९८२ला मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. कायद्यात तरतूद नाही म्हणून १९८४ला सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केलं, आणि तिथे मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. १९८९ला कायदा बदलला, २००४ला सगळी लोकसभा निवडणूक यंत्रांवर झाली. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ही यंत्रं बनवतात. ती कशालाही जोडलेली नसतात, ना तारेने, ना बिनतारी. कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार ते दोन वेळा संगणकाने उलटसुलट करून ठरतं. आणि कुठल्या बटणासमोर कुणाचं नाव येणार हे उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपेपर्यंत यंत्र बनवणाऱ्यालाही कळू शकत नाही. सकाळी मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० चाचणी मतं टाकून मोजतात. ज्याने पहाटे साडेपाचला थंडीत पोलिंग एजंट म्हणून शाळेच्या वर्गात बसून ती ५० मतं मोजली आहेत, त्याला यंत्राचं गूढ फारसं उरत नाही.

तरीही गूढ उरलंच, कारण पेटीत कागद पडताना दिसे आणि यंत्रात काहीच पडताना दिसत नाही. ही तक्रार मला नेहमीच रास्त वाटत आली आहे. तिच्यामुळेच व्हीव्हीपॅट आलं: नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत २०१३ला पहिल्यांदा, आणि आता सगळीकडे. काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते. २०१९पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राशी ताडून पाहतात. महाराष्ट्रात २८८ गुणिले ५, म्हणजे १,४४०. २०२४च्या विधानसभेत या १,४४० केंद्रांपैकी एकाही ठिकाणी फरक निघाला नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. शिवाय २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी नाकारली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासून घ्यायचा हक्क दिला.

शाईच्या रशियन शास्त्रज्ञांची जागा दरम्यान 'फ्रिक्वेन्सी'ने घेतली होती. सय्यद शुजा नावाच्या माणसाने जानेवारी २०१९मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत चेहरा झाकून, पडद्यावरून सांगितलं की २०१४ची निवडणूक यंत्रांत घुसून फिरवली होती. पुरावा दिला नाही. २०२४च्या निकालानंतर तोच पुन्हा म्हणाला की फ्रिक्वेन्सी वेगळी काढून महाराष्ट्रातली यंत्रं आपण ताब्यात घेऊ शकतो. मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ज्या यंत्रात बिनतारी संदेश घेणारा भागच नाही त्याची कुठली फ्रिक्वेन्सी, एवढा प्रश्न विचारला तरी ही कथा संपते.

त्यापेक्षा अवघड होती ती आकड्यांची कथा, कारण तिच्यातले आकडे खरे होते. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता सांगितलेलं मतदान ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५ टक्के. मधली वाढ ७६ लाखांच्या घरात जाते. रात्रीत ७६ लाख मतं! ऐकताना छातीत धस्स होतं. पण राज्यात मतदान केंद्रं १,००,१८६ होती. भागाकार करा: केंद्रामागे सरासरी ७६ माणसं. पाचनंतरचा शेवटचा तास, आणि सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्या सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन पुढचं मतदान. आमच्याकडे संध्याकाळी ऊन उतरल्यावर, वाडीतली कामं आटोपल्यावर बायामाणसं किती येतात ते ज्याने पाहिलं असेल त्याला ७६ हा आकडा मोठा वाटणार नाही. पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो. खरा आकडा मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७ सी मध्ये लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला त्याची सहीची प्रत देतो. मोजणीच्या दिवशी यंत्र उघडताना पहिल्यांदा हीच संख्या जुळवतात. सहानंतरच्या मतदानावरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२५ला फेटाळली. झालेल्या मतांपेक्षा मोजलेली मतं पाच लाखांनी जास्त, हाही आरोप झाला. त्यात ५,३८,२२५ टपाली मतं धरायची राहिली होती.

मारकडवाडीबद्दल मात्र मला एवढ्या झटक्यात बोलवत नाही. माळशिरस तालुक्यातल्या या गावाने ३ डिसेंबर २०२४ला स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. गावात भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ आणि उत्तमराव जानकरांना ८४३ मतं दाखवली, ती गावकऱ्यांना पटत नव्हती. प्रशासनाने जमावबंदी लावली, लोकांवर गुन्हे दाखल झाले. आता, जानकर त्या मतदारसंघात निवडूनच आले होते. आणि सगळ्या गावाच्या देखत, कॅमेऱ्यांसमोर घेतलेलं दुसरं मतदान हे गुप्त मतदानाचं माप होऊच शकत नाही: पडद्याआड एखाद्याने काय केलं ते तो चावडीवर का सांगेल? त्या प्रयोगातून काही सिद्ध झालं नसतं. पण पोलिसांच्या गाड्यांनीही काही सिद्ध झालं नाही. त्या गावाला बंदोबस्ताऐवजी तक्ते आणि चिठ्ठ्या घेऊन बसणारा एक अधिकारी हवा होता, असं मला आजही वाटतं.

या वंशातलं सर्वांत नवं मूल म्हणजे मतदार यादी. इथे तक्रार सगळीच खोटी नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गावातली तरणी माणसं मुंबईला, नाव गावच्या यादीत आणि चाळीच्या यादीतही. गणपतीला, शिमग्याला येणारा चाकरमानी दोन्हीकडचा असतो. कायदा १९५०पासून सांगतो की एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं. तरी नाव कमी करायचा अर्ज कुणी भरत नाही, आणि मेलेल्याचं नावही घरचे काढून घेत नाहीत. शिवाय एका वाडीत एकच आडनाव, आजोबाचं नाव नातवाला. यादी चाळणाऱ्याला त्यात दहा माणसं एकच दिसतात. अशा नोंदी शोधून काढायलाच हव्यात. राज्य निवडणूक आयोगाने २०२५च्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले, ते योग्यच केलं. पण दोनदा लिहिलेलं नाव म्हणजे दोनदा पडलेलं मत नव्हे. त्या दोहोंच्या मध्ये बोटावरची शाई उभी आहे, म्हैसूरच्या कारखान्यात १९६२पासून बनणारी. ती उडत नाही, नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत जाते.

फेब्रुवारीत पुन्हा तिकडे जाणं झालं. तोच विक्रेता, तीच सुरूची सावली. अवधानचे चार आकडे मी त्याला दाखवले. त्याने ते दोनदा वाचले. मग म्हणाला, "ते धुळ्याचं. आमच्या शाळेचं आहे का?" रत्नागिरीचा नमुना २० फोनवर उघडला. खूप वेळ बोटाने पानं सरकवून त्याने आपल्या केंद्राची ओळ शोधली, तिथे बोट टेकवून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा त्या दिवशी एजंट म्हणून बसला होता.

"काय रे, ती केंद्राध्यक्षाने दिलेली चिठ्ठी आहे का अजून? बघ बघ, ट्रंकेत असेल. एकूण किती लिहिलंय ते सांग, मी इकडे बेरीज मांडतो."