जालन्याच्या वाट्याला आलेली मध्यावधी

१९८० साली जालना जिल्हाच नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादेत, तर परतूर परभणीत. या गावांनी पाच महिन्यांत दोनदा मध्यावधी मतदान केलं: जानेवारीत लोकसभेसाठी, मेअखेरीस विधानसभेसाठी.

काळ कठीण होता. १९७९ च्या पावसानं देशभर दगा दिला, इराणमधल्या क्रांतीनंतर तेल भडकलं आणि १९७९-८० मध्ये देशाचं उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. कांद्याचा भाव प्रचारसभांमध्ये गाजला, रॉकेलसाठी रांगा लागल्या. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यात १९७२ च्या दुष्काळाची खडी फोडलेले हात अजून कामाला होते. त्याच अनुभवातून घडलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला होता. मजुरांसाठी तो मोठाच आधार. मराठवाड्याचा इतिहास लिहिताना सत्तांतरांइतकीच जागा त्याला मिळायला हवी.

जालन्याच्या लोकसभा जागेवर १९७७ मध्ये जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले होते. १९८० मध्ये ती इंदिरा काँग्रेसच्या बाळासाहेब पवारांकडे गेली. १७ फेब्रुवारीला राज्यातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. मेच्या रणरणत्या उन्हात मतदान होऊन इंदिरा काँग्रेसनं २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या.

मुख्यमंत्री झाले अ. र. अंतुले. त्यांच्याच कारकिर्दीत, १ मे १९८१ रोजी, हे पाच तालुके एकत्र येऊन जालना जिल्हा झाला.