बायकोच्या नावावर मागवलेलं यंत्र

१९६९ साली अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका इंजिनिअरने एक जाहिरात पाहिली. रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगणारं यंत्र. वजन जवळपास दीड किलो, किंमत ६५० डॉलर. ते बनवलं होतं हॉस्पिटलांसाठी: रात्री लॅब बंद असताना बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की त्याला डायबेटिस आहे, हे कळावं म्हणून. पेशंटला ते विकत मिळत नव्हतं. बर्नस्टीन यांची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर त्यांनी ते मागवलं.

त्यांना बाराव्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस होता. मलाही आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून. त्यामुळे माझ्या बॅगेतल्या ग्लुकोमीटरचा इतिहास मला या खटपटीपासून सुरू झाल्यासारखा वाटतो.

तोवर घरच्या घरी तपासायची ती लघवी. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून उकळायचं; हिरवा, पिवळा, विटकरी असा रंग बदलला की साखर आहे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि उतरते तीही मागच्या काही तासांची गोळाबेरीज म्हणून. साखर धोकादायकरीत्या खाली गेली तर रंग निळाच! सर्व्हर पडल्यावर दोन तासांनी अलर्ट यावा, तसं.

बर्नस्टीन दिवसातून पाचेक वेळा मोजू लागले. आकडा रोज ४० च्या खाली आणि ४०० च्या वर हेलकावे खात होता. मग त्यांनी आपण जे डीबगिंगला करतो तेच केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत मोजायचं. १ ग्रॅम कर्बोदकाने आपली साखर ५ ने वाढते, इथपर्यंत हिशेब आला. (त्यांचा पुढचा अतिकडक आहार मला झेपणारा नाही, आणि तो सगळ्यांना मान्यही नाही.)

हे लिहून पाठवलं तर वैद्यकीय नियतकालिकांनी छापलं नाही. तेव्हा गृहस्थ ४५ व्या वर्षी मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

साखर आटोक्यात ठेवल्याने खरंच काही वाचतं का, याचं ठोस उत्तर १९९३ मध्ये आलं. अमेरिका-कॅनडातल्या १४४१ पेशंटांवरच्या डीसीसीटी या चाचणीत दिवसातून किमान चारदा बोट टोचून इन्सुलिन जुळवणाऱ्या गटात, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. त्याच गटात साखर जीवघेणी खाली जाण्याचे प्रसंग मात्र तिप्पट झाले. ही दुसरी ओळ कौतुकाच्या लेखांतून गळते. मी ती विसरू शकत नाही. उशाशी ग्लुकोजची पुडी तिच्यामुळेच असते.

आता यंत्र कुणाच्याही नावावर मिळतं. पट्टी वीस-पंचवीस रुपयांना एक. चारदा टोचायचं तर महिन्याला अडीच-तीन हजार, आणि माझ्या ऑफिसच्या विम्यात पट्ट्या बसत नाहीत. मला परवडतं. माझ्या ओळखीतली एक मुलगी मात्र पन्नास पट्ट्यांची डबी दोन महिने पुरवते.

बर्नस्टीन २०२५ साली वारले. वय ९० वर्षं.