लैंगिक हॉर्मोने आणि तंत्रिका कोशिकांतील संरचनात्मक प्रथिने

तंत्रिका कोशिकेला आकार देणाऱ्या, तो टिकविणाऱ्या आणि प्रसंगी पालटू देणाऱ्या प्रथिनांवर एस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनांचा होणारा परिणाम. या प्रथिनांपैकी ट्युब्युलिनापासून सूक्ष्मनलिका बनतात व अक्षतंतूतील द्रव्यांची ने-आण त्यांवरून चालते. तंत्रिकातंतुकांची प्रथिने अक्षतंतूची जाडी ठरवितात. तर वृक्षिकांवरील सूक्ष्म कंटकांचा आकार ॲक्टिनावर अवलंबून असतो. घराचे वासे एकदा चढविले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जागचे हलत नाहीत. कोशिकेचा हा सांगाडा मात्र अहोरात्र मोडत व जुळत असतो, आणि म्हणूनच त्यावर हॉर्मोनांचा अंमल चालू शकतो.

हा अंमल दोन मार्गांनी चालतो. हॉर्मोन ग्राहीशी संयोग पावून केंद्रकातील जनुकांचे कार्य बदलते, तेव्हा परिणाम दिसण्यास तास वा दिवस लागतात. परंतु कोशिकापटलालगतच्या संदेशमार्गाने एस्ट्रोजेन ॲक्टिनाचे तंतू तोडणाऱ्या कोफिलिनाला काही मिनिटांतच निष्क्रिय करते.

नवजात उंदरांच्या अधश्चेतकाच्या ऊतीचे संवर्धन करून, एस्ट्रोजेनामुळे तंत्रिका कोशिकांचे प्रवर्ध जोमाने वाढतात असे डॉमिनिक टोरान-अलेरांड यांनी 1976 मध्ये दाखविले. नर अर्भकाच्या मेंदूत तर टेस्टोस्टेरॉनाचेच ॲरोमॅटेज या विकराने एस्ट्रोजेनात रूपांतर होते, आणि अधश्चेतकाच्या अग्रभागी कंटकांची दाटी वाढविण्याचे काम हे एस्ट्रोजेनच प्रोस्टाग्लँडिनाच्या द्वारे करते.

तथापि या विषयाचे खरे मोल प्रौढ मेंदूवरील संशोधनात आहे. कारण पूर्ण वाढलेल्या मेंदूची घडण कायमची ठरून गेलेली असते, हा दीर्घकाळ रूढ असलेला समज त्याने मुळापासून हलविला. कॅथरिन वूली, ब्रूस मक्यूएन व त्यांचे सहकारी यांनी 1990 मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात असे सिद्ध केले की, प्रौढ मादी उंदराच्या अश्वमीनातील सीए-1 या भागातील कोशिकांवरील कंटकांची दाटी चार-पाच दिवसांच्या मदचक्राबरोबर चढत-उतरत असून, एस्ट्रोजेनाच्या परमोच्च पातळीनंतर अवघ्या 24 तासांत ती सुमारे 30 टक्क्यांनी घटते. या ओहोटीस प्रोजेस्टेरॉन हातभार लावते.

नराच्या बाबतीतील सर्वांत स्पष्ट दाखला मेरुरज्जूत मिळतो. शिश्नमूळाच्या स्नायूंना प्रेरणा देणाऱ्या तेथील कोशिकांच्या वृक्षिका, प्रौढ उंदराचे वृषण काढल्यास आखडतात व टेस्टोस्टेरॉन दिल्यास पूर्ववत होतात; त्याच क्रमाने ॲक्टिन व ट्युब्युलिन यांचे संदेशवाही आरएनएही घटते आणि वाढते. हॅमस्टरमध्ये आननतंत्रिकेला इजा झाल्यावर टेस्टोस्टेरॉन तिचे पुनर्जनन त्वरित करते, व त्यातही ट्युब्युलिनाच्या जनुकाचा संबंध आढळला आहे. तुटलेली तंत्रिका पुन्हा जोडण्याची आशा दाखविणारा हा धागा वैद्यकाने हातचा सोडू नये.

मात्र कृंतक प्राण्यांवरील निष्कर्ष मनुष्यास सरसकट लागू करणे गैर होय. अमेरिकेत 65 वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे साडेचार हजार स्त्रियांवर झालेल्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात एस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका घटला तर नाहीच, उलट सुमारे दुप्पट आढळला.