जांगडाचं कूळ

उधना-जळगाव लोहमार्गावरचं चलथाण हे पलसाणा तालुक्यातलं गाव. साखर कारखान्याचं, महामार्गाच्या वर्दळीचं, आणि अलीकडे बऱ्याच अंशी खानदेशी माणसांचं. सुरतच्या कापडधंद्यामागे आलेली अहिराणी इथल्या गल्ल्यांत सर्रास ऐकू येते. इथलं एखादं लहान साडीदुकान सुरतच्या रिंग रोडवरच्या बाजारातून माल आणतं तेव्हा तो दर वेळी विकतच घेतलेला असतो असं नाही. काही गठ्ठे ‘जांगड’ असतात. विकल्या तेवढ्या साड्यांचे पैसे द्यायचे, उरलेल्या घडी न मोडता परत करायच्या. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात हाच शब्द कागदाच्या पुडीतल्या खड्यांना लागतो. तिथे चिठ्ठीवर कॅरेट लिहितात, इथे नग. एवढाच फरक.

जांगडाच्या मागे लागायला मला कौटिल्यानं लावलं. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्रीच्या वादांना स्वतंत्र अध्याय आहे, पंधरावा. दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानदाराचे नियम तिथे असायला हवेत, पण ते आहेत बाराव्या अध्यायात, ‘औपनिधिक’ प्रकरणात. म्हणजे ठेवींच्या प्रकरणात! सीलबंद ठेव, गहाण, मागून आणलेली वस्तू, कारागिराकडे घडवायला दिलेला ऐवज, या सगळ्यांच्या पंगतीत दुसऱ्याचा माल विकणारा ‘वैयावृत्यकर’ बसवला आहे. सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या वेळी माल विकावा आणि आलेली किंमत नफ्यासकट मालकाला द्यावी. वेळ किंवा जागा टळली, तर माल हाती आला त्या वेळच्या भावानं हिशेब करावा. र. पं. कंगल्यांची प्रत (मुंबई विद्यापीठ, 1960 ते 1965) काढून हे अध्याय ओळीनं वाचले, की ही मांडणी चुकून झालेली वाटत नाही. माल दुकानात आहे तोवर तो ठेव आहे. विक्री घडते ती दुकानदार आणि गिऱ्हाइकामध्ये. मालक आणि दुकानदारामध्ये ती घडतच नाही.

याहून जुना पुरावा हवा असेल तर हम्मुराबीच्या शिलालेखाकडे जावं लागतं. हा लेख ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातला आणि 1901 साली सूसा इथे सापडलेला. त्याचं 104वं कलम सांगतं, की व्यापाऱ्यानं फिरत्या विक्रेत्याला धान्य, लोकर, तेल विकायला दिलं तर विक्रेत्यानं मोल लिहून ठेवावं आणि पैसे भरताना शिक्क्याची पावती घ्यावी. 105व्या कलमानुसार पावती नसलेले पैसे हिशेबात धरायचे नाहीत. विक्रेता खोटा ठरला तर तिप्पट दंड, आणि व्यापारी खोटा ठरला तर सहापट. मोठ्या माणसाच्या लबाडीला दुप्पट शिक्षा ठेवणारा तो कायदेकर्ता मला फार आवडतो. मध्ययुगातल्या जेनोव्हाचा ‘कोमेंदा’ आणि अरबांचा ‘किराद’, म्हणजे दुसऱ्याच्या भांडवलावर व्यापार करून नफा वाटून घेण्याचे करार, ही याच घराण्याची दूरच्या व्यापाराला गेलेली शाखा.

आता शब्द. मोल्सवर्थच्या मराठी कोशात तो ‘जाकड’ असा येतो. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा असा दुकानातून आणलेला माल हा पहिला अर्थ. पुढे शिंप्याकडून किंवा कापडवाल्याकडून विकून देण्यासाठी घेतलेले कपडेही त्यात येतात, आणि ‘जाकडवही’सुद्धा. म्हणजे चलथाणच्या साड्या थेट कोशातल्या अर्थावर उभ्या आहेत. हिंदीत ‘जाकड़’ आहे, गुजरातीत ‘जांगड’.

जाकडाचा जांगड कसा झाला हे सोपं आहे. सर्पाचा हिंदीत ‘साँप’ होताना अनुनासिक आपोआप शिरतं, तसं ते इथेही शिरलं. अनुनासिकानंतरच्या ‘क’चा ‘ग’ होणं तर नेहमीचंच: पंक्तीची पंगत झाली, कंकणाचं कंगन झालं. खरा वाद ‘जाकड’ आला कुठून याचा. हिंदीतल्या ‘जाकर’पासून, म्हणजे ‘जाऊन’पासून, असं एक मत आहे. माल जाऊन येतो म्हणून जाकड. ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. हिंदीत खाकर, लाकर, सोकर अशी शेकडो रूपं रोज बोलली जातात आणि त्यांच्यातला ‘र’ कुठेच ‘ड़’ होत नाही. मग एकट्या ‘जाकर’नंच का बदलावं? शिवाय अशा क्रियारूपाचं थेट मालाचं नाव बनणं ही चालही विरळ आहे.

माझा कौल ‘जकडणे’ला आहे. यावर लगेच हरकत येईल, की जांगड माल मोकळा असतो, परत करता येतो, मग तो जकडलेला कसा? पण जकडलेली असते ती मालकी. साडी चलथाणच्या फळीवर असली तरी तिची दोरी सुरतच्या गाळ्याला बांधलेली असते. उलट्या टोकाचा व्यवहार म्हणजे दादनी. तिथे पैसा आधी विणकराकडे जातो आणि माल मागून येतो, त्यामुळे बांधला जातो तो विणकर. जांगडात माल आधी जातो आणि पैसा मागून येतो, म्हणून बांधलेला असतो माल. आता ‘ज’चा ‘जा’ का झाला? माझ्या मते इथे ‘जाणे’नं मागच्या दारानं प्रवेश केला. माल जातो हे रोज डोळ्यांसमोर घडत असल्यानं बोलणाऱ्यांच्या कानांनी जकडात ‘जा’ ऐकला आणि तो तसाच राहिला.

मालकीची ही दोरी इंग्रजांच्या कायद्यानं जवळपास कापली होती. 1893च्या तिकडच्या वस्तुविक्री कायद्यानं ‘पसंत पडल्यास विक्री, नाहीतर परत’ हा व्यवहार विक्रीच्या घरात घेतला. त्याचा परिणाम 1897च्या कर्कहॅम विरुद्ध ॲटनबरो या खटल्यात दिसला. एका जवाहिऱ्यानं दागिने या बोलीवर दिले, घेणाऱ्यानं ते सावकाराकडे गहाण टाकले. न्यायालय म्हणालं, गहाण टाकणं म्हणजे माल आपलासा करणं, तेव्हा विक्री झाली आणि दागिने सावकाराकडून परत मिळणार नाहीत. पुढे वीनर विरुद्ध गिल या 1906च्या खटल्यात जवाहिरा वाचला, कारण त्याच्या कागदावर छापलेलं होतं की पैसे चुकते होईपर्यंत किंवा माल खात्यावर नावे पडेपर्यंत मालकी माझी. आपल्या 1930च्या वस्तुविक्री कायद्याचं 24वं कलम त्याच इंग्रजी साच्यातलं आहे. म्हणूनच सुरतच्या जांगड चिठ्ठीवर बारीक अक्षरात तीच अट छापलेली असते: बिल होईपर्यंत माल आमचा, गहाण टाकू नये. त्या एका ओळीनं चिठ्ठी माल पुन्हा औपनिधिक प्रकरणात नेऊन ठेवते.

हा भेद कागदापुरता नाही. माल ठेव असेल आणि घेणाऱ्यानं तो विकून पैसे दाबले, तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. पूर्वी दंडसंहितेचं 405वं कलम, आता न्यायसंहितेचं 316वं. विक्री झाली असेल तर उरते ती फक्त थकबाकी, म्हणजे दिवाणी दावा. जीएसटीनं बिलाच्या वेळेचा प्रश्नही मिटवला: पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल पुरवठा झाला की, आणि तो नाही झाला व माल परतही आला नाही, तरी सहा महिन्यांच्या आत करावंच लागतं.

एका बाबतीत मात्र चिठ्ठी कौटिल्याला सोडून जाते. विश्वासू, राजानं दोषी न ठरवलेल्या व्यापाऱ्याकडचा माल अंगच्या दोषानं किंवा अचानक आलेल्या संकटानं गेला, तर त्यानं किंमतही भरू नये असं तो म्हणतो. वस्तुविक्री कायद्याचं 26वं कलमही, वेगळी बोली नसेल तर, नुकसान मालकाच्याच अंगावर टाकतं. ऑगस्ट 2006मध्ये तापीच्या पुरानं सुरत बुडवली तेव्हा असा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. तरीही कित्येक चिठ्ठ्या सांगतात, की माल हाती आल्यापासून जोखीम घेणाऱ्याची. मालकी ठेवीच्या नियमानं देणाऱ्याकडे, जोखीम विक्रीच्या नियमानं घेणाऱ्याकडे! ठेवीच्या कुळातल्या या व्यवहारात ही ओळ परक्या घरची आहे, आणि चलथाणच्या लहान दुकानदारानं सही करण्याआधी तिच्यावर बोट ठेवून वाद घालावा इतकी ती जड आहे.